कच्चं भोकर, पिकलं बंबर

१८ मे. सकाळपासून भोकरं पुसतेय. पुसायची, देठ काढायचे, बत्त्याने हलकेच फोडायची आणि मिठात बुडवलेल्या काडीने आतली बी काढून टाकायची. मीठ नसलं तर बोटं एकमेकांना चिकटतात, मग फोन उचलता येत नाही आणि दारही उघडता येत नाही. इथे दुबईत, अल बर्शात, भोकरं गुजराती दुकानात मिळतात, ‘गुंदा’ या नावाने, थर्माकोलच्या ताटलीत, वर प्लास्टिक ओढलेली. मुलीला म्हटलं, जरा हात लाव. तिने एक उचललं, दाबलं, “ममा, इट्स लाइक ग्लू. हू ईट्स दिस?” म्हणाली आणि हात धुवायला गेली. प्रश्न वाजवी होता. हे फळ कोण खातं आणि कधी खातं, एवढ्यावरून एकदा आमचं घर जायची वेळ आली होती. बरण्या बाल्कनीत उन्हाला लावल्या आहेत. त्या तापेपर्यंत ते लिहून टाकते.

तेव्हा आम्ही मसाफीच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका लहान गावात राहत होतो. माझे वडील, आण्णा, डिझेल पंपांचे मेकॅनिक. सालिम नावाच्या एका स्थानिक माणसाचं वर्कशॉप होतं, आसपासच्या खजुराच्या बागांचे पंप तिथे दुरुस्तीला यायचे. आण्णांसारखी कामं करणारी बाकीची माणसं एकटी राहायची, लेबर कॅम्पात, एका खोलीत सात-आठ जण. सालिमने मात्र आण्णांना आपल्याच आवारात, शेळ्यांच्या गोठ्यापलीकडे दोन खोल्या दिल्या होत्या, म्हणून आई आणि मी सांगोल्याहून इथे येऊ शकलो. खोल्या होत्या म्हणून आम्ही होतो. हे मला कोणी बसवून सांगितलं नव्हतं, पण ठाऊक होतं. आण्णा सालिमला अर्बाब म्हणायचे, म्हणजे मालक. तो त्यांना रफीक, म्हणजे सोबती म्हणायचा, जसा तो सगळ्यांनाच म्हणायचा.

घर म्हणजे दोन खोल्या, एक पत्र्याचं स्वयंपाकघर आणि दारात मोठ्या घराच्या टाकीवरून ओढलेला नळ. खिडकीतल्या एसीचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. तो बंद झाला की पंपाचं टुकटुक ऐकू यायचं आणि पंप थांबला की शेळ्या. पूर्ण शांतता मी त्या घरात कधी ऐकली नाही. ज्वारीचं पीठ शारजाहून यायचं, येईपर्यंत अर्धं जुनं झालेलं असायचं, भाकरी थापताना कडा फाटायच्या आणि आई दुकानदाराच्या सात पिढ्या काढायची. शुक्रवारी नमाजानंतर मोठ्या घरातून भाताचं परातीएवढं ताट यायचं, वर मटणाचे मोठे तुकडे. आई ते मटण काढून घ्यायची आणि कांदालसूण मसाला घालून पुन्हा परतायची. “आजाऱ्याचं जेवण धाडत्यात बिचारी,” म्हणायची. आण्णा म्हणायचे, “अगं, हळू बोल.” “त्यास्नी कुठं कळतंय?” “वास तर जातोय ना तिकडं!” वास जायचाच. सालिमची नात्यातली मुलं कधीकधी आमच्या दाराशी येऊन शिंकायची आणि हसत पळून जायची.

तिथली माणसं कळायला आईला वेळ लागला. झाडं पहिल्या आठवड्यात कळली. सांगोल्याचा माळ आणि तो डोंगर यांच्यात तिच्या मते फरक एवढाच की इथे गाड्या मोठ्या होत्या. घाफचं झाड पाहून तिने सरळ हात जोडले, कारण ती शमी होती. रस्त्याच्या कडेची रुई बघून म्हणाली, “ही तर आपल्याआधी आली.” शुक्रवारी आण्णा पिकअपमधून आम्हाला वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्यात घेऊन जायचे. ते बॉनेट उघडून काहीतरी घट्ट करत बसायचे आणि आई झाडं बघत फिरायची. ओळखण्याची तिची पद्धत ठरलेली होती. आधी काटा. बोरीला काटे जोडीने असतात, एक सरळ आणि एक वाकडा. सरळ बोचतो आणि वाकडा सोडत नाही. मग पान चुरगळून वास घ्यायचा, देठ मोडून चीक येतो का बघायचं, फळ नखाने फोडायचं आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या टोकाला लावून थुंकायचं. असं करून तिने इथली बोरं ओळखली, ज्यांना हे लोक नबग म्हणतात आणि ज्यांच्या झाडाच्या पानांनी बायका केस धुतात. तिचं मत असं की चवीला खारकीही नाही आणि गावठीही नाही, मधलंच काहीतरी. पिलू ओळखला. मिरीएवढी लाल, काचेच्या मण्यासारखी फळं, आधी गोड लागतात आणि मग मोहरीसारखी नाकात जातात. एकदा वाळूत वेलाला पिवळीधमक लहान कलिंगडं लागलेली दिसली. मी धावले तर तिने मागून वेणी ओढली. “कवंडळ हाय ते. बैलालासुदीक देताना इचार करत्यात.”

एक नियम मात्र पक्का होता. ज्याला मराठीत नाव नाही ते तोंडात घालायचं नाही. डोंगराच्या कडेला एका काटेरी झुडपाला उन्हाळ्याआधी लालभडक, मटारापेक्षा लहान फळं लागायची. सालिमची भाची शम्मा, जी माझ्याच वयाची होती, ती मूठभर खायची. आई म्हणाली, “ह्याला आपल्यात नाव न्हाई. ठेव खाली.” शम्माने विचारलं, का नाही खात? मी अरबीत सांगितलं की आई हे ओळखत नाही. शम्मा म्हणाली, “मग तिची ओळख करून दे.” मी पुढे कधीतरी खाल्ली ती फळं. किंचित गोड, बाकी काही नाही. आता नेटवर त्यांचं लॅटिन नाव सापडतं, फोटोसकट. मराठी नाव अजून सापडलेलं नाही.

आणि आवारात, पाण्याच्या टाकीमागे, भोकराचं झाड होतं. ते कोणी लावलं कोणास ठाऊक, पण त्याची मालकीण सालिमची आई होती. सगळे तिला उम्म सालिम म्हणत, सालिमची आई एवढंच. उंच, हाडकुळी बाई, चेहऱ्यावर जुन्या पद्धतीचा चकाकता, मुखवट्यासारखा बुरखा, ज्यातून फक्त डोळे आणि हनुवटी दिसायची. ती सकाळी त्या झाडाखाली चटई टाकून कॉफी प्यायची आणि सगळ्या आवारावर लक्ष ठेवायची. आम्ही आलो त्या वर्षी ते झाड रिकामं होऊन गेलं होतं. दुसऱ्या वर्षी उन्हाळा सुरू होताना त्याला हिरव्या फळांचे घोस लागले आणि आईची झोप उडाली. भोकराचं लोणचं खाऊन तिला दोन वर्षं झाली होती. रोज पाणी भरताना ती एक घोस दाबून बघायची. एक दिवस म्हणाली, “आता दोन दिवसांत न्हाई काढली तर गेली. जा, इचार तिला.”

मी विचारलं. शाळेत अरबी सक्तीची होती आणि शम्मामुळे ती बोलताही यायची. मी म्हटलं, आईला बंबर हवेत, घेऊ का? भोकराला ते बंबर म्हणतात. उम्म सालिम खूश झाली. म्हणाली, घ्या की, विचारायचं काय, सगळं तुमचंच आहे. हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं. शब्दांत कुठेही चूक नव्हती, माझ्याही नाही आणि तिच्याही नाही.

शुक्रवारी सकाळी आण्णांनी वर्कशॉपची शिडी आणली. मोठ्या घरातले सगळे शुक्रवारच्या बाजाराला गेले होते. आई शिडीवर, मी खाली चादर धरून, आण्णा वरच्या फांद्या आकडीने वाकवून. सांगोल्यात भोकराचं झाड असंच उतरवतात, एका दमात, शेंड्यापर्यंत. राहिलेलं फळ पिकतं, पिकलं की चिकट होतं, आणि पिकलेलं भोकर आमच्याकडे पोरं पतंग चिकटवायला वापरतात. वाया घालवायचं नाही म्हणून आईने एकही घोस सोडला नाही. दोन मोठ्या पाट्या भरल्या. बागेतल्या आंब्याखाली पडलेल्या कैऱ्या तिने आधीच वेचून ठेवल्या होत्या. दुपारपर्यंत आमच्या खोलीत मोहरी फेसल्याचा झणझणीत वास भरला आणि आई गुणगुणत होती, जे ती क्वचित करायची.

उम्म सालिम दुपारची झोप झाल्यावर बाहेर आली. मी नळाशी परात धूत होते म्हणून मला दिसलं. ती झाडाखाली उभी राहिली, वर बघितलं, मग खाली पडलेली पानं बघितली. चटई तशीच काखेत होती. मग ती आमच्या दाराशी आली आणि मला म्हणाली, “बंबर कुठे आहेत?” आईने अभिमानाने परात पुढे केली, अर्धी फोडलेली, अर्धी अजून अख्खी. उम्म सालिमने एक हिरवं भोकर उचललं, बोटांत फिरवलं आणि परत ठेवलं. “हे अजून झालंच नव्हतं,” ती म्हणाली.

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “झालं म्हंजे? झाल्यावर त्येचं काय करत्यात? पतंग चिकटवायचं?”

हे मी भाषांतर करून सांगितलं नाही.

काय झालं होतं ते शम्माकडून कळलं. उम्म सालिमला चार मुली, चौघी लांब लांब दिलेल्या, एक तर पार अल ऐनला. वर्षातून एकदा, बंबर पिकले की, उम्म सालिम चौघींना फोन करायची आणि त्या मुलाबाळांसकट यायच्या. झाडाखाली चटया पडायच्या आणि हात चिकट होईपर्यंत सगळे बंबर खायचे. ईदला प्रत्येकीला सासर असायचं. बंबरला फक्त माहेर. शम्मा त्यांतल्याच एकीची मुलगी, शाळेसाठी आजीकडे राहिलेली. तिची आई तिला त्या दिवसांत भेटायची. शम्माने मला हे चिडून सांगितलं नाही. फक्त मग बरेच दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सालिम वर्कशॉपमध्ये आण्णांना म्हणाला, “रफीक, तुम्हारा मॅडम क्या किया? शजर पूरा खलास. माय मदर खाना नहीं खाता.” आण्णांनी हात जोडले. ते म्हणाले, अर्बाब, मिस्टेक हो गया, तुम्हारा मदर बोला लेके जाओ. सालिम म्हणाला, “बोला. एक प्लेट लेके जाओ बोला. पूरा झाड कौन लेके जाता?” आमचा व्हिसा पुढच्याच महिन्यात रिन्यू व्हायचा होता. आण्णांनी अडखळत ते विचारलं. सालिम वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, “मैं नहीं जानता. हाउस मेरा मदर का. मदर को पूछो. मदर बोलेगा तो रहेगा.”

आण्णा घरी येऊन खाटेवर बसले. “झालं? खा आता लोणचं सांगोल्यात बसून.”

आई म्हणाली, “तिनं ‘सगळं तुमचंच’ म्हणलं व्हतं.”

“अगं, आपण पाव्हण्याला ‘घर तुमचंच हाय’ म्हणतो. तो काय सातबारा मागतो व्हय?”

 उरलेल्या भोकरांसाठी मोहरी फेसून झाली होती, म्हणून आईने आधी लोणचं पुरं केलं, बरण्यांची तोंडं फडक्याने बांधली आणि मगच तिने पदर खोचला. कोणी म्हणेल, आधी माफी मागायची. पण फेसलेली मोहरी थांबत नाही आणि रागावलेलं माणूस थांबतं, असा तिचा हिशोब असावा. मला घेऊन ती मोठ्या घरी गेली. उम्म सालिम आत बसली होती, भिंतीला टेकून. आई म्हणाली, “इचार, लेकी कवा येणार?” मी विचारलं. उम्म सालिमने आमच्याकडे न बघता उत्तर दिलं, “बंबर झाले की.”

तिथून पुढचे तीन-चार शुक्रवार आम्ही झाडं शोधली. गावात आणखी दोन झाडं होती, पण ती लोकांच्या अंगणात, त्यांच्या लेकींसाठी. आई आता प्रत्येक झाडाशी आधी विचारायची, हे कोणाचं, आणि मग मागे वळायची. मग तिला आठवलं की वादीच्या वरच्या वळणावर, एका ओसाड बागेच्या भिंतीमागे तिने मागे कधीतरी भोकराची पानं बघितली होती. आण्णा म्हणाले, “चालत्या गाडीतनं?” ती म्हणाली, “मी काय रस्ता बघत व्हते का? रस्ता तुमी बघत व्हता.” झाड होतं. खजूर वाळून गेले होते, भिंत पडलेली, पण भोकर उभं होतं आणि फळं होती. काही हिरवी, काही फिकट. आईने एक दाबलं, दुसरं दाबलं, वास घेतला आणि थांबली. तिला इतकी फळं ओळखता यायची, पण हे पिकलं की नाही ते सांगता येईना. आयुष्यात तिने एकही भोकर पिकू दिलं नव्हतं.

“तिलाच आणावं लागंल,” ती म्हणाली.

परत आल्यावर ती सरळ उम्म सालिमकडे गेली. “सांग तिला, झाड घावलंय. पिकलं का न्हाई ते मला कळत न्हाई. तिनं यायचं.”  उम्म सालिमने झाड कुठे आहे ते विचारलं, फोन ओढला आणि शारजाला गेलेल्या त्या बागेच्या मालकिणीला लावला. ख्यालीखुशाली झाली, नातवंडांची चौकशी झाली, मग काहीतरी कडक आवाजात झालं आणि फोन खाली गेला. “तिचंच विसरलेलं झाड आहे,” उम्म सालिम म्हणाली. “म्हणते, सगळं तुझंच आहे, घे. मी म्हटलं, परत एकदा स्पष्ट सांग, किती घेऊ?”

ती पिकअपमध्ये पुढे बसली, आम्ही मागे. आण्णा इतके हळू चालवत होते की मागून आलेल्या शेळ्या पुढे गेल्या. काच खाली करून तिचा आवाज यायचा, “यल्ला रफीक, यल्ला! हम मर जाएगा, बंबर सूख जाएगा.” वादीत तिने आण्णांचा हात धरला नाही, काठीही घेतली नाही, आमच्या पुढे चढली. झाडाखाली उभी राहून तिने आईला एकेक फळ दाखवलं. हे नाही. हेही नाही. मग एक फिकट, गुलाबीसर झालेलं फळ उजेडात धरलं. साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती आणि आतली बी सावलीसारखी दिसत होती. “हे,” ती म्हणाली, आणि ते आईच्या हातात न देता तोंडाशी नेलं. आईने खाल्लं. बी थुंकली. ओठ चिकटले होते, ते जिभेने सोडवले.

“काय म्हणते?” उम्म सालिमने मला विचारलं.

आई म्हणाली होती, “गोड हाय, पर शेंबडावानी.”

“म्हणते, गोड आहे,” मी सांगितलं.

उम्म सालिमने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग ती हसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. बहुतेक तिला हावभावांवरून सगळं कळलं होतं.

एक ताट भरेल एवढीच पिकलेली फळं निघाली. बाकीची तिने झाडावरच ठेवायला लावली, मालकिणीची म्हणून. त्या संध्याकाळी तिने चौघींना फोन केले आणि दोन दिवसांनी चारही गाड्या आवारात आल्या. चटया पडल्या. एक ताट इतक्या माणसांत, म्हणजे प्रत्येकाला दोन-तीन फळं. मुलं कुरकुरली. अल ऐनच्या मुलीने विचारलं, बाकीचे कुठे गेले? उम्म सालिमने आमच्या खोलीकडे हनुवटी केली, “त्यांच्या बरणीत.” मग अर्थातच बरणी मागवण्यात आली. आईने वाटीत काढून दिलं. मुलीने खाल्लं, डोळ्यांतून पाणी काढलं, आणखी एक फोड घेतली. दुसरीने खाल्ली नाही. तिसरीने अर्धी वाटी घरी नेण्यासाठी बांधून घेतली. उम्म सालिमने चाखून बघितलं आणि तोंड वाकडं केलं, आणि मला वाटतं तिला ते खरोखरच आवडलं नव्हतं. आम्हालाही त्यांचं मटण आवडायचं नाही. त्यात काही बिघडत नाही.

गाड्या निघून गेल्यावर तिने आईला बोलावलं. मला म्हणाली, सांग तिला, पुढच्या वर्षी तुमचा दिवस आला की आधी मला हाक मारायची. मी खाली बसेन आणि फांदी दाखवेन.

आई म्हणाली, “किती फांद्या?”

“बघू,” उम्म सालिम म्हणाली. मग आत वळून सालिमला हाक मारली आणि त्याला जे भरभर सांगितलं त्यात मला ‘रफीक’ एवढाच शब्द नीट कळला. सालिम बाहेर येऊन आण्णांना म्हणाला, “पासपोर्ट लाओ, फोटो लाओ. सबका.” आण्णांनी पेटी उघडली, फोटो जुने निघाले, माझ्या फोटोत तर मला पुढचे दात नव्हते. सालिम म्हणाला, चलेगा.

आम्ही तिथे आणखी बरीच वर्षं राहिलो. ते पुढचं आहे.

गाड्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला सुट्टी होती. आईने मला उठवलं आणि चहाआधीच कामाला लावलं. “तिच्याकडं जा. आवारात जेवढी झाडं हाईत, समद्यांचं इचारून ये. नावं नगं इचारू, नावं मला ठावं हाईत. कुठलं कवा खात्यात आन् खायला कोण येतं, तेवढं इचार.” मी गेले. उम्म सालिम रिकाम्या झाडाखाली कॉफी पीत बसली होती. मी आईचा प्रश्न सांगितला. तिने कप उपडा ठेवला, चपला शोधल्या, माझ्या खांद्यावर हात टेकून उठली आणि फाटकाजवळच्या लिंबापासून सुरुवात केली.